प्रोसेसरचा वेग का अडला?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. पूर्वी तीन-चार वर्षांनी संगणक बदलला, की पट्ट्या (शेतमालाच्या विक्रीचे हिशेब) काढण्याचे काम निम्म्या वेळात होई. आता शेजारच्या पेढीने आठ कोअरचा (प्रोसेसरमध्ये गणना करणारे आठ स्वतंत्र भाग असलेला) संगणक घेतला, तरी हिशेबाला फारसा फरक पडला नाही. आमचा 2015 चा संगणक बदलावा का? प्रोसेसरची प्रगती थांबली आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : प्रगती थांबलेली नाही, आपल्याला जाणवत असे ती वाढ मात्र 2004 च्या सुमारास अडली. 1993 चा पहिला पेंटियम 60 ते 66 मेगाहर्ट्झवर (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके) चाले, तर 2004 अखेर पेंटियम 4 ने 3.8 गिगाहर्ट्झ, म्हणजे 3800 मेगाहर्ट्झ, गाठले. त्यानंतरच्या वीस वर्षांत अगदी महागडे प्रोसेसरही जेमतेम 6 गिगाहर्ट्झपर्यंत, तेही थोड्या वेळापुरते, पोहोचले आहेत.

याबद्दल प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांच्या 1965 च्या भाकिताला उगीच बोल लावला जातो. ते चिपवरील घटकांची संख्या नियमितपणे दुप्पट होत जाईल असे होते, वेगाविषयी नव्हे. वेगाची भिस्त होती ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये मांडलेल्या सूत्रावर. ट्रान्झिस्टर (चिपवरील सूक्ष्म विद्युत-स्विच) जितका लहान, तितके त्याचे व्होल्टेजही उतरवता येते, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवूनही उष्णता वाढत नाही, असे ते सूत्र होते. परंतु ट्रान्झिस्टरमधील विद्युतरोधक थर 1.2 नॅनोमीटरवर, म्हणजे पाचेक अणूंच्या जाडीवर आला, तेव्हा त्यातूनही वीज झिरपू लागली. व्होल्टेज आणखी उतरवता येईना आणि चिप तापू लागली. इंटेलने 4 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 चा बेत 2004 मध्येच सोडून दिला.

मग एकाच चिपवर अनेक कोअर बसवण्याचा मार्ग निघाला. आठ हमाल लावले तर ट्रक लवकर रिकामा होतो, पण पट्टीची बेरीज एकच दिवाणजी करणार असेल, तर हमाल वाढवून ती लवकर होत नाही. ही मर्यादा संगणकतज्ज्ञ जीन अमडाल यांनी 1967 मध्येच दाखवून दिली होती. हिशेबातील पुष्कळशी कामे एकामागून एक अशीच चालतात. म्हणून विक्रेता कोअरची संख्या सांगू लागला, तर आपण एका कोअरची कामगिरी विचारावी.

आपल्या संगणकात फिरती हार्डडिस्क असल्यास तिच्या जागी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान साठवण) बसवून पाहावी. बहुधा नव्या प्रोसेसरपेक्षा तिचाच फरक अधिक जाणवेल, आणि तोही थोड्या खर्चात. संगणक बदलण्याचे सबळ कारण वेगळेच आहे : विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असून, 2015 चे प्रोसेसर विंडोज 11 च्या मान्य यादीत नाहीत. शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचे तपशील त्याच संगणकावर असतील, तर हा बदल लांबणीवर टाकू नये.