गुमास्त्याचा शब्द मालकाला बांधतो का?

प्रश्न असा: दुकानाच्या नोंदणीला म्हणतात त्या ‘गुमास्ता लायसन्स’मधला गुमास्ता म्हणजे साधा नोकरच ना? आणि कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या दुकानात त्यानं गिऱ्हाइकाला शब्द दिला, तर मालक बंधनकारक होतो का?

साधा नोकर नव्हे. फारसी ‘गुमाश्ता’ म्हणजे नेमलेला, काम सोपवलेला. मालकाच्या वतीनं देणं-घेणं करतो तो गुमास्ता. हमाल वीस वर्षं जुना असला तरी तो हमालच. लायसन्सच्या नावात मात्र हा फरक पुसला गेला. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याच्या जागी 2017 चा महाराष्ट्राचा कायदा आला, तरी लोकांच्या तोंडी नाव जुनंच. कोल्हापुरात पेढीवरच्या अशा माणसाला ‘दिवाणजी’ म्हणतात. हाक वेगळी, काम तेच.

कायदाही हुद्दा नाही, काम पाहतो. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 187 प्रमाणे अधिकार परिस्थितीवरून आणि व्यवहाराच्या नेहमीच्या रीतीवरूनही ठरतो. गल्ल्यावर बिल करणारा म्हणाला, ‘रंग गेला तर साडी बदलून देऊ’, आणि त्या दुकानात तशी रीत असेल, तर मालक सुटत नाही. ‘मी त्याला आतून बजावलं होतं’ हेही चालत नाही: अधिकार असल्याचा समज मालकाच्याच वागण्यातून झाला असेल तर कलम 237 त्याला धरतं. गिऱ्हाइकाला मनाई आधीच माहीत असेल, तर गोष्ट वेगळी. पैसे घेतल्यावर हातात पडलेल्या बिलामागची बारीक छपाई म्हणजे ‘आधीच’ नव्हे.

अधिकार नसताना केलेला सौदा कळूनही मालकानं पैसे ठेवून घेतले, तर ती मूक संमती ठरू शकते. तीही अर्धी नाही; विक्री मान्य आणि दिलेला शब्द अमान्य, असं कलम 199 चालू देत नाही.

‘मुखत्यार’ यापेक्षा निराळा. अरबी ‘मुख्तार’, म्हणजे निवडलेला. मुखाशी त्याचा काही संबंध नाही. त्याचा अधिकार मुखत्यारपत्रात लिहिलेला तेवढाच, म्हणून तिथं कागद मागून वाचावा. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे विकणारा अडत्या शेतकऱ्याच्या वतीनं सौदा करतो. दलाल नुसती गाठ घालून देतो. वेगळा अधिकार दिला नसेल, तर त्याच्या शब्दानं कुणीच अडकत नाही.

प्रश्नातली एक चूक: मालक ‘बंधनकारक’ होत नाही. शब्द बंधनकारक असतो, मालक बांधील.