जेल सुकलं की मॉडेल चुकतं

प्रश्न: पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पॉलिमरचं) हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं लवचिक जेल, बनवलं, मिठाच्या पाण्यात भिजवलं आणि त्याच्या पाच पट्ट्या ग्लोव्हच्या पाच बोटांवर लावल्या. बोट वाकलं की पट्टी ताणली जाते आणि तिचा रेझिस्टन्स बदलतो, त्या रीडिंगवरून हाताच्या १० खुणा ओळखायला मॉडेल ट्रेन केलं तर टेस्टमध्ये अ‍ॅक्युरसी ९८ टक्के आली. दोन दिवसांनी तोच ग्लोव्ह, तोच हात, आणि अर्ध्या खुणा चुकतायत. एलएसटीएम (आधीचं सिग्नल लक्षात ठेवणारं न्यूरल नेटवर्क) वापरून बघू का?

उत्तर: मॉडेलला आत्ता हात लावू नका, आधी पट्टी वजनकाट्यावर ठेवा. बनवली त्या दिवशीचं वजन आणि आजचं वजन यात जो फरक दिसेल तेवढं पाणी उडून गेलंय. या जेलमधून करंट वाहतो तो पाण्यातल्या आयनांमुळे, त्यामुळे पाणी कमी झालं की रेझिस्टन्स बदलतो, आणि मॉडेलला वाटतं बोट वाकलं. खरं तर बोट जागचं हललेलंही नसतं! जेलमध्ये थोडं ग्लिसरीन घाला आणि वरून पातळ सिलिकॉनने सील करा, म्हणजे सुकणं बरंच कमी होईल.

रीडिंग डीसीवर घेताय का तेही बघा. डीसीमध्ये इलेक्ट्रोडपाशी आयन साचत जातात आणि बोट स्थिर असूनही आकडा सरकत राहतो, शिवाय व्होल्टेज वाढलं तर पाण्याचं विघटन सुरू होतं (तत्त्वतः १.२३ व्होल्टपासूनच). म्हणून कमी व्होल्टेजचा एसी, साधारण १ किलोहर्ट्झचा, वापरा.

आता त्या ९८ टक्क्यांबद्दल, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. तुम्ही सिग्नलचे एकमेकांवर चढणारे तुकडे करून ते ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये रँडम विभागले असणार, बहुतेक जण तसंच करतात. मग एकाच हालचालीचा अर्धा भाग ट्रेनिंगमध्ये जातो आणि उरलेला टेस्टमध्ये, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. सोमवारी ट्रेन केलं तर टेस्ट बुधवारच्या डेटावर करा, एक माणूस पूर्ण बाहेर ठेवा, आणि जमलं तर एक नवीन पट्टी जी मॉडेलने कधी बघितलेलीच नाही तीही. आकडा धाडकन खाली येईल, येऊ द्या, तोच तुमचा खरा आकडा आहे.

दर वेळी ग्लोव्ह घातला की आधी हात सरळ आणि मग मूठ, एवढं कॅलिब्रेशन करा आणि रेझिस्टन्सचा नुसता आकडा न देता सुरुवातीच्या तुलनेत किती बदलला ते मॉडेलला द्या. लांबी दुप्पट ताणली की पट्टी बारीकही होते, त्यामुळे रेझिस्टन्स दुप्पट नाही तर जवळपास चौपट होतो, हा संबंध सरळ रेषेतला नाही हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: बोट वाकवताना आणि सरळ करताना त्याच कोनाला वेगवेगळं रीडिंग येतं. सेन्सर खराब आहे का?

उत्तर: नाही हो, जेलचा स्वभावच तो, याला हिस्टेरिसिस म्हणतात. ताण सोडल्यावर पॉलिमरच्या साखळ्या लगेच जागेवर येत नाहीत. एका क्षणाचं रीडिंग दिलं तर कोणतंही मॉडेल गोंधळणारच, म्हणून मागच्या एक-दोन सेकंदांचं सिग्नल सोबत द्या. इथे एलएसटीएम किंवा छोटं १डी सीएनएन (सिग्नलमधले छोटे नमुने शोधणारं न्यूरल नेटवर्क) कामाला येतं, पण डेटा थोडा असेल तर आधी उतार, सरासरी असे फीचर (सिग्नलचं सार सांगणारे आकडे) काढून रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक डिसिजन ट्रींचं मत घेणारं साधं मॉडेल, लावून बघा.