आईच्या तोंडातली नळी काढून गळ्यातून टाकायची म्हणतात. या नळ्यांचे प्रकार कोणते? गळ्यातली कायमची राहते का?

बहुतेकांची राहत नाही. आमच्या घरात हाच प्रश्न "बाबांच्या गळ्याला भोक पाडणार का?" असा विचारला गेला होता, आणि विचारणारे माझे थोरले दीर होते. मी आयसीयूत स्टाफ नर्स. घरात मात्र धाकटी सून.

सासऱ्यांना जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) झाला. पायांपासून सुरू झालेली कमजोरी छातीपर्यंत चढली आणि वाशीतल्या एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटर लागला. डोकं शाबूत, अंगात ताकद नाही. तोंडातली ईटी ट्यूब (व्हेंटिलेटरची श्वासाची नळी) स्वरयंत्रातून खाली जाते, त्यामुळे आवाज फुटत नाही, आणि ती सहन व्हावी म्हणून झोपेचं औषध चालू. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून थेट श्वासनलिकेत नळी, सुचवली. या आजारात श्वासाचे स्नायू सावरायला कधी कधी महिने लागतात. तरी भाऊजींचं एकच, "अजून चार दिवस बघू." शेवटी सही सासूबाईंनी केली.

झोपेचं औषध सुटलं, तोंड मोकळं झालं. पुढे व्हेंटिलेटर सुटू लागल्यावर नळीच्या तोंडाला स्पीकिंग व्हॉल्व्ह (बोलता यावं म्हणून बसवायची झडप) लावला, तर बाबा पहिलं वाक्य बोलले ते भाऊजींनाच: "गाडी कुठे लावलीस?"

खरी गंमत कोपरखैरण्याला घरी आणल्यावर झाली. नळीच्या खालच्या टोकाला फुगा असतो. तो भरलेला असताना हवा फक्त नळीतूनच ये-जा करते. व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. बाहेर पडायची वाट नळीच्या कडेने. म्हणून आधी फुगा रिकामा करायचा, मगच व्हॉल्व्ह. मी ड्यूटीला निघताना चपला घालत होते आणि भाऊजींनी यूट्यूबवर बघून थेट व्हॉल्व्ह बसवला. बाबांची छाती फुगलेली, डोळे विस्फारलेले. मी धावत जाऊन तो उपटला. आजही विषय निघाला की "व्हॉल्व्हच खराब होता" म्हणतात. व्हॉल्व्ह ठणठणीत होता.

प्रकार विचारलेत म्हणून: जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची वाकडी ग्वेडेल नळी बेशुद्ध माणसालाच, शुद्धीत घातली तर ओकारी येते. नाकातली मऊ नळी शुद्धीतल्यालाही चालते, पण कवटीच्या तळाचं हाड मोडल्याचा संशय असेल तर नाही. एलएमए (टोकाला छोटा मास्क असलेली नळी) स्वरयंत्राच्या वर बसतो, जास्त करून ऑपरेशन थिएटरात. यातलं तुम्हाला काहीच ठरवायचं नाहीये.

तुम्ही ठरवायचं ते नळीला हात कोण लावणार. फार तर दोन माणसं. सक्शन (नळीतला कफ मशीनने ओढून काढणं) एका वेळी १५ सेकंदांच्या आत, आणि घड्याळ लावून नाही, छातीत घरघर ऐकू आली की. फुग्याचा दाब २० ते ३० सेंमी पाणी (हे दाबाचं माप). तो मीटरने बघतात, बोटाने चाचपून नाही. उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी जादा नळी, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), आणि लाइट गेली तर पायाने चालणारं सक्शन मशीन. यूट्यूब बघून आलेल्या थोरल्या मंडळींना चहा द्या, व्हॉल्व्ह देऊ नका.

हो, एक राहिलं. बाबांचा आजारच उतरणारा होता. नळी निघाली आणि भोकही आपोआप मिटलं. तुमच्या आईंना काय झालंय ते तुम्ही लिहिलेलंच नाही. फुप्फुसं कायमची गेली असतील तर नळीने आराम पडेल, आजार जाणार नाही. आणि दोन-तीन दिवसांत व्हेंटिलेटर सुटेल असं डॉक्टर म्हणत असतील तर थांबायला हरकत नाही. लवकर ट्रॅकिओस्टॉमी केल्याने जास्त माणसं वाचतात, असं २०१३ साली छापून आलेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीतही दिसलं नव्हतं. हे कृपया आमच्या भाऊजींना कळवू नका.