दारातल्या कुंड्या आणि पेनानं लिहिलेली पावती

प्रश्न : आमचं घर महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत आहे. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीच्या दिवशी अंबाबाईला आलेली मंडळी खुशाल आमच्या दारात गाडी लावून जातात, गेल्या रविवारी तर एक गाडी १२ पासून ४ पर्यंत गेटला चिकटून उभी, आईला दवाखान्यात न्यायचं होतं, शेवटी रिक्षा बघितली. म्हणून आता गेटपासून कोपऱ्यापर्यंत सिमेंटच्या दोन कुंड्या आणि एक जुना टायर ठेवलाय आणि पेंटरकडून 'नो पार्किंग, हवा सोडली जाईल' असं लिहून घेतलंय. शेजारचे काका म्हणतात हे चालत नाही. का चालत नाही? घरफाळा भरतो की आम्ही!

उत्तर : निम्मं तुमचं बरोबर, निम्मं काकांचं. गेटच्या तोंडात गाडी लावायला बंदीच आहे, त्याला वेगळा बोर्ड लागत नाही. गाडी चालवण्याबद्दलच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांत कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेसमोर, फुटपाथवर, लावलेल्या गाडीला खेटून दुसरी गाडी, असं लावायचं नाही म्हणून स्पष्ट लिहिलंय. त्यामुळं पुढच्या वेळी गाडीचा नंबर आणि तुमचं गेट दोन्ही एकाच फोटोत येईल असा फोटो काढा आणि ट्रॅफिकवाल्यांना फोन लावा, भांडत बसू नका.

पण गेटची रुंदी संपली की तुमचा हक्कही संपला. घरफाळा हा तुमच्या मिळकतीवरचा कर आहे, दारातल्या रस्त्याचं भाडं नव्हे. रस्ता महापालिकेचा, तिथं कुंडी ठेवा नाहीतर टायर, ते अतिक्रमणच, आणि रात्री लाईट गेल्यावर एखादा पोरगा टू-व्हीलर घेऊन त्या टायरवर आपटला तर ते निस्तरताना तुमच्या नाकी नऊ येतील. रस्त्यावर नो पार्किंगचा बोर्ड लावायचा अधिकारही सरकारनं नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. स्वतःच्या गेटवर 'कृपया गेटसमोर गाडी लावू नये' लिहा, ती विनंती झाली, त्याला कुणाची हरकत नाही. हवा सोडायचं तेवढं डोक्यातनं काढा, एक तर दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान केलं म्हणून तक्रार तुमच्यावरच होईल आणि दुसरं म्हणजे हवा सोडलेली गाडी आणखी दोन तास तिथंच राहणार, मग काय मिळवलं?

प्रश्न : नवरात्रात दर्शनाला गेलो होतो. पार्किंगच्या मैदानात पोरानं टू-व्हीलरचे ५० रुपये मागितले. बोर्ड कुठं दिसला नाही. पावतीवर रक्कम पेनानं लिहिलेली, मागं 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर'. परत येतोय तर आरशाला अडकवलेलं हेल्मेट गायब!

उत्तर : आधी पैशाचं बघू. महापालिकेच्या जागेवर पे अँड पार्क असेल तर दर ठेकेदाराच्या मनावर नसतो, महापालिका दर ठरवते आणि निविदा काढून वसुलीचा ठेका देते. कुठल्या गाडीला किती, ते सगळं त्या ठेक्याच्या अटींत असतं. त्यामुळं पैसे देण्याआधी 'दराचा बोर्ड कुठाय' एवढंच विचारायचं, माझा अनुभव असा की निम्म्या वेळा ५० चे तिथल्या तिथं २० होतात. नाहीच झाले तर पावती जपून ठेवा आणि महापालिकेत लेखी तक्रार द्या, सोबत माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून त्या जागेचा मंजूर दर आणि ठेक्याच्या अटींची नक्कल मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नक्कल हातात आली की तुमची तक्रार नुसती कुरकुर राहत नाही.

आता हेल्मेट. 'मालकाच्या जबाबदारीवर' छापलं की ठेकेदार सुटला असं काही नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका हॉटेलच्या प्रकरणात, पाहुण्याची गाडी किल्लीसकट ताब्यात घेतली आणि ती चोरीला गेली तर असल्या ओळीमागं लपता येणार नाही असं सांगितलं. पण मेख त्या किल्लीत आहे! तुमची किल्ली तुमच्या खिशात होती, म्हणजे तुम्ही जागेचं भाडं दिलं, गाडी कुणाच्या हवाली केली नाही, त्यात हेल्मेट आरशाला लोंबकळत. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांपर्यंत फीसुद्धा नाही, तरी खरं सांगू का, हजाराच्या हेल्मेटसाठी तारखा घालवण्यापेक्षा ५० रुपयांचा एक लॉक घ्या.

प्रश्न : गाडी उचलून नेली तर दंड किती? क्रेनवरची पोरं पावती न देता पैसे मागतात.

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणं गाडी हलवायची परवानगी गणवेशातला पोलीस देतो, क्रेनवरचा पोरगा नाही. पोलीसच नसेल तर तिथंच विचारा, शांतपणे, आणि मोबाईल काढून. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडला तर १५००, टोइंगचा खर्च वेगळा आणि तो मालकालाच भरावा लागतो. पैसे ई-चलनच्या मशिनवर किंवा ऑनलाईनच भरा. चलनातला फोटोही उघडून बघा, एकदा माझ्या नंबरवर दुसऱ्याच कुणाची तरी पांढरी मोपेड होती, माझी काळी, तक्रार टाकली तेव्हा ते रद्द झालं.