ग्राफिक्स ड्रायव्हरची कसोटी कशी घ्यावी?

प्रश्न : लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हरची मेमरी हाताळण्याची पद्धत बदलल्यावर ‘जीएलएक्सगिअर्स’ या छोट्या नमुना प्रोग्राममध्ये दर सेकंदाच्या फ्रेम वाढल्या, तर नवी पद्धत सरस मानावी का?

उत्तर : मानू नये. त्यात फक्त तीन दातेरी चाके फिरतात, टेक्स्चर (आकृतीच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र) एकही नसते. म्हणजे ज्या कामाची परीक्षा घ्यायची, तेच काम तिथे जवळजवळ घडत नाही. २००८ मध्ये इंटेलने आणलेली ‘जेम’ आणि तिच्याआधीची ‘टीटीएम’ या ग्राफिक्स मेमरी हाताळणाऱ्या दोन यंत्रणांच्या तुलनेतही खरा प्रश्न कॅशचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा होता. इंटेलच्या त्या काळच्या अंगभूत ग्राफिक्स चिप मुख्य रॅमच वापरत, मात्र प्रोसेसरने लिहिलेला बफर (डेटा ठेवलेला मेमरीचा तुकडा) चिपकडे सोपवण्यापूर्वी कॅशमधील मजकूर रॅममध्ये उतरवावा लागे, आणि हा खर्च बफर किती वेळा हात बदलतो यावर ठरे. बफर राइट-कंबाइनिंग पद्धतीने, म्हणजे कॅश टाळून आणि लहान लेखने एकत्र करून लिहिता येईल असा जोडला तर लेखन वेगाने होते, पण प्रोसेसरला तो परत वाचणे फार महाग पडते. म्हणून टेक्स्चर चढवणे आणि पिक्सेल परत वाचणे यांची मोजणी स्वतंत्रपणे करावी. उपलब्ध मेमरीत न मावणारी टेक्स्चर वापरून तिसरी चाचणीही अवश्य घ्यावी. सरासरीवर मुळीच विसंबू नये, प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवावा, कारण बफर हलवताना येणारे झटके सरासरीत दिसेनासे होतात.