अणुइंधन वर्षानुवर्षे पुरतं, मग आण्विक पाणबुडी गस्तीवरून परत का येते?

शिधा संपतो म्हणून! ऑक्सिजन आणि प्यायचं पाणी समुद्राच्या पाण्यातूनच तयार करता येतं; पीठ, मांस, भाज्या मात्र निघतानाच भरून न्याव्या लागतात. आणि माणसं थकतात, हेही आहेच.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. १९६९ पासून त्यांची एक तरी अण्वस्त्रधारी पाणबुडी सतत समुद्रात असते. बदली बोट दुरुस्तीत अडकली की आधीचीला थांबावं लागतं. म्हणून पूर्वी साधारण तीन महिन्यांची असणारी गस्त हल्ली पाच-सहा महिन्यांवर गेली आहे. माझ्या मते हे अतीच झालं. त्यात घरच्यांचे मोजक्या शब्दांचे निरोप मिळतात, उत्तर पाठवता येत नाही. स्कॉटलंडमधल्या फासलेन तळावर परतताना पाणबुडीच्या अंगावर शेवाळ दिसतं, कारण महिनोन्महिने ती संथच चालते.