मायनिंगचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली, दिसेल तिथे अर्ज करतोय, तरी खाणीत काम मिळत नाही. माझं कुठे चुकतंय?

तुमचा प्रश्न मला असा समजला: शासकीय तंत्रनिकेतनातून मायनिंगचा डिप्लोमा, गुण चांगले, घर वणी तालुक्यात. दोन वर्षं नोकरीच्या संकेतस्थळांवर अर्ज टाकताय, कुठूनही फोन नाही. आणि आता ओळखीतला एक माणूस 'डब्ल्यूसीएलमध्ये', म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीत, 'लावून देतो' म्हणत चार लाख मागतोय. मी कोळशाच्या खाणीत मायनिंग सरदार, म्हणजे पाळीतल्या कामावर आणि सुरक्षेवर देखरेख करणारा, म्हणून लागलो, पुढे ओव्हरमन, म्हणजे सरदाराच्या वरचा पर्यवेक्षक, झालो आणि सहायक व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. आता आमच्या भागातल्या पोरांचे अर्ज आणि अनुभवपत्रं बघून देतो, त्यामुळे तुमची अडचण माझ्या रोजच्या ओळखीची आहे.

आधी पैशांचं बोलतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. केंद्र सरकारने खालच्या पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. कोल इंडियाच्या कंपन्यांत सरदार, सर्व्हेअर अशा पदांची थेट भरती निघते तेव्हा लेखी परीक्षा होते, यादी लागते, कागदपत्रं तपासतात आणि वैद्यकीय तपासणी होते. जिथे मुलाखतच नाही तिथे 'साहेबांशी बोलणं झालंय' याला काय अर्थ उरतो? मेडिकलचे किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी भरा असं सांगणारं नियुक्तीपत्र आलं तर ते खोटं समजा, त्यावर कितीही शिक्के असोत. काही रक्कम ऑनलाइन गेली असेल तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

गावात दर वर्षी कुणी ना कुणी डब्ल्यूसीएलमध्ये लागलेला दिसतो आणि त्यावरूनच असे लोक भाव खातात. त्या नियुक्त्यांपैकी बऱ्याच प्रकल्पात जमीन गेलेल्यांच्या असतात. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशोब आहे. बाकीच्यांत सेवेत मृत्यू पावलेल्या कामगारांचे वारस असतात. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यात तुमची जागा कुणी खाल्लेली नाही. पण त्या नियुक्त्या बघून 'भरती तर चालूच आहे, मलाच घेत नाहीत' असं वाटून घेऊ नका.

आता मुख्य चूक. तुम्ही डिप्लोमाच्या जोरावर नोकरी मागताय. खाणीत जागा डिप्लोमावाल्याची निघत नाही. ती ओव्हरमनची निघते, सरदाराची, सर्व्हेअरची, सुरुंग उडवणाऱ्या शॉटफायररची निघते. कोळसा खाणीला लागू असलेले २०१७ चे विनियम काढून एकदा शांतपणे वाचा. कोणत्या पाळीत, खाणीतल्या कोणत्या डिस्ट्रिक्टवर (कामाच्या विभागावर) कोणता सक्षम माणूस हजर असलाच पाहिजे हे त्यात लिहिलेलं आहे. तो नसेल तर मॅनेजरला काम चालवता येत नाही, आणि चालवलं तर धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाला, म्हणजे डीजीएमएसला, उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे अर्ज हातात घेतल्यावर मॅनेजर पहिल्यांदा बघतो ते डीजीएमएसचं प्रमाणपत्र. ते नसलेला पहिल्या वर्गातला मुलगा त्याची अडचण सोडवत नाही. ते असलेला काठावर पास झालेला मुलगा सोडवतो. तुमचे अर्ज पडून राहिले याचं माझ्या मते हेच कारण आहे. तुमच्यात काही कमी आहे असं नाही, तुमच्या फाइलमध्ये तो एक कागद नाही.

तो मिळवायचा रस्ता पीडीपीटीपासून सुरू होतो. डिप्लोमानंतरचं हे एक वर्षाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. डब्ल्यूसीएल, एसईसीएल, एमसीएल अशा कोल इंडियाच्या कंपन्या त्याच्या सूचना काढतात आणि शिकाऊ उमेदवारांच्या नॅट्स पोर्टलवर तुमची नोंदणी असावी लागते. दोन वर्षांत तुम्ही यासाठी अर्ज केल्याचं प्रश्नात कुठेच दिसलं नाही. 'वर्षभर विद्यावेतनावर राबायचं आणि शेवटी नोकरीची हमी नाही' म्हणून बरीच पोरं हे टाळतात. हमी नाही हे खरंच आहे. पण त्या वर्षाशिवाय ओव्हरमनच्या प्रमाणपत्राचा रस्ता तुमच्यासाठी उघडत नाही, त्यामुळे टाळलेलं वर्ष वाचत नाही, पुढे ढकललं जातं. आयटीआयवाल्या भावांनीही शिकाऊ उमेदवारी आणि नोकरी यांत गल्लत करू नये. शिकाऊ म्हणून घेतलं म्हणजे कायम केलं असं नसतं.

सोबत दोन लहान प्रमाणपत्रं लागतात, गॅस टेस्टिंगचं आणि प्रथमोपचाराचं. पोरं ती शेवटपर्यंत ठेवतात आणि मग ओव्हरमनचा अर्ज त्यांच्यासाठी अडकतो. प्रशिक्षण चालू असतानाच ही दोन्ही उरकून घ्या.

आणखी एक गोष्ट कॉलेजात क्वचितच कुणी सांगतं. डीजीएमएसची प्रमाणपत्रं दोन प्रकारची असतात, रिस्ट्रिक्टेड आणि अनरिस्ट्रिक्टेड. नुसत्या ओपनकास्टचा अनुभव असेल तर रिस्ट्रिक्टेड मिळतं आणि त्यावर तुम्ही फक्त खुल्या खाणीत काम करू शकता. अंडरग्राउंडचा अनुभव असेल तर अनरिस्ट्रिक्टेड, आणि ते दोन्हीकडे चालतं. वणी भागात नीलजाई, मुंगोली अशा खाणी ओपनकास्ट आहेत. घराजवळ म्हणून तिथेच प्रशिक्षण मागायचा मोह होतो. माझा आग्रह आहे की अंडरग्राउंड मागा: सावनेर, छिंदवाड्याकडचा पेंच-कान्हान भाग, बैतुलचा पाथाखेडा. पहिले काही दिवस छत बघूनच छाती दडपते, चालून पाय भरून येतात, टोपीदिव्याच्या उजेडात डोळा सरावायला वेळ लागतो. तरीही तिथे छताला टेकू कसा देतात, हवा कुठून येते आणि कुठे जाते, वायू कसा तपासतात हे जे हातात बसतं ते पुढे सेकंड क्लास मॅनेजरच्या परीक्षेपर्यंत कामाला येतं.

ठेकेदाराकडे काम करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते सांगितलंच पाहिजे. आज खुल्या खाणीतली माती-दगड हटवण्याची कामं, ज्याला आपण ओबी म्हणतो, मोठ्या प्रमाणात ठेकेदारांकडे आहेत. तिथे सुपरवायझर, फोरमन, सर्व्हेअर, डंपर आणि एक्स्कॅव्हेटर चालवणारे सतत लागतात. 'खासगीत काय जायचं' म्हणून हे नाकारू नका. पण आत पाय टाकण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुमचं नाव खाणीच्या बी फॉर्म रजिस्टरमध्ये चढलं पाहिजे, व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रातलं, म्हणजे व्हीटीसीचं, प्रशिक्षण आणि सुरुवातीची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा, सीएमपीएफचा, क्रमांक मिळाला पाहिजे. राजुऱ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. काही वर्षं एका ठेकेदाराकडे रात्रपाळीचा सुपरवायझर होता, काम उत्तम यायचं. पण त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं, पगार हातात रोख मिळायचा. अनुभवपत्र मागायला गेला तर मॅनेजरने सही नाकारली, आणि नियमाने ते बरोबरच होतं. ज्याची नोंद नाही त्याचा अनुभव मॅनेजर कशाच्या आधारे प्रमाणित करणार? त्या मुलाची ती वर्षं डीजीएमएसच्या लेखी शून्य झाली. ठेकेदाराच्या लेटरहेडवरचं 'टू हूमसोएव्हर' चालत नाही. अनुभवपत्र ठरलेल्या नमुन्यात आणि खाणीच्या मॅनेजरच्या सहीचं लागतं. कुठल्या कामावर, अंडरग्राउंड की ओपनकास्ट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं त्यात हवं. खाण सोडताना ते हातात घेऊनच बाहेर पडा. मॅनेजर बदलून गेल्यावर ते काढणं फार जिकिरीचं होतं. शिवाय कोल इंडियाच्या खाणीत ठेकेदाराच्या कामगारांसाठी उच्चाधिकार समितीने ठरवलेली वेगळी मजुरी आहे, तिला एचपीसी वेज म्हणतात. तो दर माहीत करून घ्या आणि तोच मागा.

मग ठेकेदाराकडच्या जागा कळणार कशा? जाहिरातीतून क्वचितच. माणसं लागतात ती नवं काम मिळाल्यावर, आणि काम कुणाला मिळालं हे कोल इंडियाच्या टेंडर पोर्टलवर सगळ्यांना बघता येतं. नोकरीची संकेतस्थळं उघडता त्याऐवजी आठवड्यातून एकदा ते उघडा. ओबीचं नवं टेंडर लागलं की ठेकेदाराची यंत्रं यायच्या सुमारासच त्याच्या साइट ऑफिसात कागदांची फाइल घेऊन स्वतः जा. त्या वेळी त्याला प्रमाणपत्रवाला माणूस तातडीने हवा असतो. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी पोरांना काम असंच लागलं.

तुमचा बायोडेटाही बघितला. 'कोणतेही काम करण्यास तयार' ही ओळ काढून टाका. ती वाचून मॅनेजरला तुम्हाला कुठे उभं करायचं ते कळत नाही. वर प्रमाणपत्राचं नाव, प्रकार, क्रमांक. अजून नसेल तर 'पीडीपीटी चालू, अमुक खाण' असं खरं ते लिहा. त्याखाली कामाची पद्धत: बोर्ड अँड पिलर (कोळशाचे खांब सोडून खणायची भूमिगत पद्धत), एसडीएल किंवा एलएचडी ही खाली कोळसा उचलणारी यंत्रं, की खुल्या खाणीतलं शॉवेल-डंपर. सर्व्हे येत असेल तर टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र हाताळलं आहे का ते. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणी डिप्लोम्याच्या नावातच माइन सर्व्हेइंग आहे, तरी पोरं सर्व्हेकडे वळत नाहीत याचं मला वाईट वाटतं. सर्व्हेअरचं प्रमाणपत्रही डीजीएमएसच देतं आणि नकाशा अद्ययावत ठेवल्याशिवाय कुठलीच खाण चालत नाही.

कोळशापलीकडेही बघा. चुनखडी, मँगनीज, लोखंड या खाणींना १९६१ चे धातू खाण विनियम लागू होतात. तिथे सरदाराच्या जागी माइनिंग मेट आणि ओव्हरमनच्या जागी फोरमन असतो, आणि प्रमाणपत्रंही वेगळी. तुमच्या घरापासून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही ही सिमेंटची गावं किती लांब आहेत? त्या कारखान्यांच्या स्वतःच्या चुनखडीच्या खाणी आहेत. मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीच्या खाणी: भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, नागपूर जिल्ह्यात कांद्री, मनसर, गुमगाव. गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज. दोन्ही बाजूंचं प्रमाणपत्र असलेला माणूस एक उद्योग बसला तरी दुसरीकडे जाऊ शकतो. गोव्याचं उदाहरण बघा: फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि कामं थांबली. ट्रक आणि बार्जवाल्यांना जायला दुसरी जागा नव्हती. फोरमनचं प्रमाणपत्र असलेल्याला ओडिशा किंवा कर्नाटकातल्या लोहखाणींत निदान अर्ज तरी करता येत होता.

मुलींसाठी एक माहिती, कारण तुम्ही वर्गातल्या मैत्रिणींचा उल्लेख केला आहे. २०१९ पासून तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामासाठी महिलांना भूमिगत खाणीतही उतरता येतं. 'बायकांना खाली घेत नाहीत' असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं.

अर्ज, परीक्षा, सगळं करण्याआधी एका साध्या तपासणीला जा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंग ओळखण्याची क्षमता तपासून घ्या. कानांची आणि छातीचीही तपासणी करा. खाणीच्या वैद्यकीय तपासणीत हे सगळं बघतात. रंगांधळेपणा परीक्षा पास झाल्यावर कळला तर पोरगं कोसळतं, हे मी बघितलंय. आधी कळलं तर नियोजनाच्या, खनिज तपासणीच्या किंवा ऑफिसातल्या तांत्रिक कामाकडे वेळेत वळता येतं.

आणि घर सोडायची तयारी ठेवा. कोरब्याचं गेवरा, सिंगरौली, तालचेर, झारखंडचा कोळसा पट्टा, ओडिशातलं जोडा-बडबिल, इथे काम आपल्या भागापेक्षा कितीतरी मोठं आहे. आपल्याकडची पोरं 'वणी नाहीतर चंद्रपूर' इथेच थांबतात. पीडीपीटीच्या अर्जात दुसऱ्या राज्यातल्या कंपन्यांचाही विचार करा, पाथाखेडा किंवा पेंच मिळालं तर हो म्हणा, आणि पहिल्याच महिन्यात गॅस टेस्टिंगच्या परीक्षेचा अर्ज भरायला घ्या. अनुभवपत्राचा मसुदा सहीआधी कुणाला दाखवून घ्यायचा असेल तर मला पाठवा, मी तपासून देईन.